उत्तर बरोबर, तरी लाल फुली

इयरफोन लावलेत ना? आज कॉलेजच्या गणिताच्या ऑनलाइन होमवर्कबद्दल बोलायचंय. मी इथे रत्नागिरीत बीएस्सीच्या मुलांना गणित शिकवते, आणि दर आठवड्याला कुणीतरी मोबाइल समोर धरून विचारतंच, "मॅडम, हे चूक कसं?"

उदाहरण घ्या. साइन एक्स इनटू कॉस एक्स, याचं इंटिग्रेशन. एकीने लिहिलं साइन स्क्वेअर एक्स बाय टू. दुसऱ्याने मायनस कॉस स्क्वेअर एक्स बाय टू. तिसऱ्याने मायनस कॉस टू-एक्स बाय फोर. प्लस सी सगळ्यांनी लावलाय. तिन्ही बरोबर! फरक फक्त कॉन्स्टंटचा. पण सिस्टीममध्ये एकच उत्तर भरलेलं, म्हणून दोघांना लाल फुली. ज्याला स्वतःवर विश्वास आहे तो येऊन भांडतो. ज्याला नाही, तो गप्प बसतो आणि 'आपल्याला गणित जमत नाही' असं धरून चालतो. मला काळजी त्या गप्प बसणाऱ्याची.

यावर उपाय आहे, आणि तो फुकट आहे. ख्रिस सँगविन नावाच्या गणितज्ञाने ब्रिटनमध्ये २००४च्या सुमारास 'स्टॅक' ही प्रणाली सुरू केली. कॉलेजात वापरतात त्या मूडलला ती जोडता येते. तिच्या पोटात मॅक्सिमा हे बीजगणित करणारं सॉफ्टवेअर आहे. तुम्ही इंटिग्रलचं उत्तर दिलंत की ती त्याचं डेरिव्हेटिव्ह काढून बघते: मूळ फंक्शन परत आलं का? आलं, तर बरोबर. आपले तिघंही पास.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती चुकीशी बोलू शकते. साइन ऑफ एक्स स्क्वेअरचं डेरिव्हेटिव्ह नुसतं कॉस ऑफ एक्स स्क्वेअर लिहिलंत, तर 'चूक' म्हणून न थांबता 'आतल्या एक्स स्क्वेअरचं काय?' असं विचारू शकते. पण हे आपोआप होत नाही हं. कोणती चूक होईल ते शिक्षकाला आधी ओळखून भरून ठेवावं लागतं. मी असे दहा प्रश्न बनवले, तर अख्खा रविवार गेला. वीस वर्षं पेपर तपासलेल्या सरांना मुलांच्या चुका तोंडपाठ असतात. ते ज्ञान सिस्टीममध्ये उतरायला हवं, आणि त्यासाठी त्यांना वेळ द्यायला हवा. नुसतं सॉफ्टवेअर बसवून काय होणार?

कॉपीचं म्हणाल, तर रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर उत्तरं फिरतात हे मला माहीत आहे. हसू नका. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात तयार झालेलं 'वेबवर्क' १९९०च्या दशकापासून प्रत्येकाला वेगळे आकडे देतं. मग उत्तर पाठवून उपयोग नाही, रीत समजावून सांगावी लागते. ती खुशाल सांगा!

मोबाइलवर टाइप करणं हा आणखी एक ताप. 'वन बाय टू एक्स' लिहिलं, तर एक्स खाली की बाजूला? सबमिट करण्याआधी 'मी तुमचं उत्तर असं वाचलं' म्हणून दाखवायलाच हवं. स्टॅक ते दाखवते, आणि कंस राहिला म्हणून तुमचा प्रयत्न वाया घालवत नाही.

आता आपल्याकडचा पाऊस. जुलैत लाईट जाते, आणि वाडीतल्या मुलांना रेंजसाठी सड्यावर चढावं लागतं. मूडलच्या ॲपमध्ये शिक्षकाने परवानगी दिली, तर क्विझ उतरवून नेटशिवाय सोडवता येते. पण वेळेची मर्यादा असेल तर नाही, आणि चूक कुठे झाली हे लगेच कळत नाही, नंतरच कळतं. म्हणजे जे सर्वांत उपयोगी, तेच रेंज नसलेल्याला मिळत नाही. सध्या मी मुदत आठवडाभराची ठेवते आणि ती रात्री ११:५९ला नाही, दुपारी ४ला संपवते. तेव्हा सगळी कॉलेजात असतात, आणि अडलेला मोबाइल घेऊन सरळ माझ्याकडे येतो.