ओवी, जाते आणि कॅमेरा
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या व्यासपीठावर मी आजवर पेटी ठेवायला, पडदा ओढायला आणि पाहुण्यांच्या खुर्च्या मांडायला चढलो आहे. बोलायला म्हणून पहिल्यांदाच उभा आहे, तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्यावे. चिटणीसांचे म्हणणे असे की, "तुमच्या नातवाने कॉलेजसाठी गाण्याचा व्हिडिओ केला, त्यात तुम्ही होतात, त्याचा अनुभव सांगा." माझे काम बॅटऱ्या चार्ज करण्याचे आणि सर्वांना वेळेवर पोहे देण्याचे होते. तरीही त्या दोन महिन्यांत मला जे कळले, ते सांगण्यासारखे आहे असे वाटते.

नातू पत्रकारिता आणि जनसंचार शिकतो. शेवटच्या वर्षाला चार मिनिटांची संगीत-चित्रफीत करून द्यायची होती. पोरांनी आधी एक गाजलेले सिनेगीत निवडले. सरांनी विचारले, "ज्यांचे गाणे आहे त्यांची परवानगी कुठे आहे?" मग शोध सुरू झाला तो कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या गाण्याचा. तेव्हा मीच म्हणालो, "आपल्या आत्याला जात्यावरच्या ओव्या येतात."

आत्याविषयी थोडे सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि नागपूरचे उच्च न्यायालय जबलपूरला आले. त्याच्याबरोबर कितीतरी मराठी वकील, कारकून, टंकलेखक इथे आले. आत्याचे यजमान त्यांच्यातलेच. १९५८ साली लग्न होऊन ती वर्ध्याकडून आली, ती इथलीच झाली. पुढे तिच्याच आधाराने मी कारखान्यात लागलो. आज ती पंचाऐंशीची आहे. नातवंडे तिला आत्याआजी म्हणतात.

ध्वनिमुद्रणाला पोरे तिच्या घरी माईक घेऊन गेली. पंखा बंद, शेजारच्या कुकरलाही विनंती. आत्याने सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला अडली. पुन्हा सुरुवात, पुन्हा अडली. शेवटी म्हणाली, "हात रिकामा आहे रे, शब्द कुठून येतील?" माळ्यावरून जाते खाली काढले. एकाने ते तसेच फिरवून पाहिले, तर त्याला ओरडा बसला. "रिकामं जातं फिरवू नये!" मग मूठभर गहू वैरले, खुंट्याला हात लागला, आणि एकामागून एक अकरा ओव्या आल्या.

आता पोरांची अडचण वेगळी. त्यांना ठोक्यावर बसणारे गाणे हवे होते. कानात टिकटिक वाजवून गायला सांगितले, तर आत्याने चौथ्या ठोक्यालाच ती काढून ठेवली. जात्याची घरघर आवाजातून वेगळी काढायला गेले, तर आवाजही पोकळ होऊ लागला. दोन रात्री खपल्यावर नातू म्हणाला, "आजोबा, जात्याचा फेरा हाच ठोका धरू." तबला, बासरी सगळे त्या फेऱ्यावर बसवले. माझ्या मते सगळ्या कामातला तो पहिला शहाणपणाचा निर्णय.

गाणे आधी आणि चित्र मागून, ही पद्धत काही आजची नाही. १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, तेव्हा नट-नट्यांना कॅमेऱ्यापुढे प्रत्यक्ष गावे लागे. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने १९३५ साली 'धूप छाँव'मध्ये गाणे आधी ध्वनिमुद्रित करून चित्रीकरणाच्या वेळी वाजवले, आणि पार्श्वगायनाचा रस्ता मोकळा झाला. आपल्या भेडाघाटवरही 'जिस देश में गंगा बहती है' (१९६०) आणि 'अशोका' (२००१) यांचे चित्रीकरण झाले. साहजिकच आमच्या पोरांनाही भेडाघाटच हवा होता.

ओठ हलवायला माझ्या मुलीची मुलगी तयार झाली. डिसेंबरातली सकाळ, नऊवारी, संगमरवराचे कडे, पाण्यावरचे धुके. दिसायला फार सुंदर. पण धुआंधारजवळ शेजारी उभ्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, तिथे स्पीकरचे काय ऐकू येणार? नाव्हेतून लांबचा शॉट घेतला तर दुसरेच लचांड. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. आणि व्हिडिओत सेकंदाला २५ चित्रे असतात. म्हणजे एका चित्राच्या अवधीत आवाज साडेतेरा मीटरच पुढे सरकतो. स्पीकर चाळीस मीटरवर असला की ओठ तीन चित्रे मागे पडले. त्यात बिनतारी स्पीकर स्वतःच थोडा उशीर करतो. जन्मभर आम्ही सुताच्याही आतली मापे मोजली, पण आवाजातसुद्धा इतके बारीक माप असते हे मला नव्याने कळले. अखेर वायरचा इअरफोन पदराखालून कानात घातला आणि काम झाले.

चार दिवस संगणकावर जुळवाजुळव झाली. ओठ अक्षरश: शब्दावर बसले. पोरे खूश. एक मित्र "क्या बड्डे, छा गए!" म्हणून नातवाच्या पाठीवर थाप मारून गेला. मग लॅपटॉप घेऊन आम्ही आत्याकडे गेलो. तिने चष्मा लावला, चार मिनिटे टक लावून पाहिले आणि म्हणाली,

"पोरगी गोड दिसते. पण ही पाढे म्हणतेय."

खोलीत कोणी बोलेना. आत्याचे म्हणणे खरे होते. ओठ बरोबर होते, डोळे कोरे होते. आत्याने नातीला जवळ बसवून विचारले, "काय म्हणतेस तू, सांग बरं." नातीने शब्द बिनचूक म्हणून दाखवले, अर्थ एकाचाही नाही. तिने आईकडून देवनागरीत लिहून घेतले होते आणि हिंदी कवितेसारखे पाठ केले होते.

बंधू-भगिनींनो, त्या क्षणी मला फार लाज वाटली. नातीची नव्हे, माझी. माझी मुलगी शाळेत जाऊ लागली तेव्हा मीच घरात हिंदी सुरू केली. वर्गात ती मागे पडू नये, तिला कोणी हसू नये, एवढाच हेतू होता. मुलगी मागे पडली नाही, चांगली शिकली. पण मराठी तिच्याकडे अर्धी पोहोचली आणि तिच्या मुलीकडे नुसता आवाज पोहोचला. हे मी तीस वर्षे घरात बघत होतो आणि मला दिसले नव्हते. कॅमेऱ्याने चार मिनिटांत दाखवले.

आत्या मात्र रागावली नाही. तिने एकेक ओवी उलगडून सांगितली. सासरी दळणारी बाई भावाची वाट पाहते, मधे नदी आहे, नदीला पूर आहे, भाऊ पलीकडे थांबला असेल का, परत तर गेला नसेल, असा तो भाव. मग ती स्वतःचे सांगू लागली. लग्नानंतरची पहिली दिवाळी, वर्ध्याहून भाऊ येणार म्हणून तिने पाहिलेली वाट. तो भाऊ म्हणजे माझे वडील. हे मलाही ठाऊक नव्हते! नात ऐकता ऐकता आत्याच्या समोर कधी सरकली, खुंट्याला तिचाही हात कधी लागला, कळले नाही. नातवाने गुपचूप कॅमेरा सुरू केला होता.

चित्रफितीत शेवटी तेच राहिले. भेडाघाटचे तीन-चार शॉट आहेत, बाकी पडवीतला उजेड, जाते, आणि एका खुंट्यावरचे दोन हात. एके ठिकाणी नातीचे ओठ दोन चित्रे पुढे आहेत. सरांनी ते नेमके पकडले आणि गुणही कापले. नातू म्हणाला, "राहू दे, तिथं ती खरंच गातेय."

आता यातून आपण काय घ्यावे? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वां यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज त्या 'पारी' या संकेतस्थळावर वाचता येतात, त्यांतल्या पुष्कळ ऐकताही येतात. पण जबलपूरच्या पडवीतली ओवी गोळा करायला पुण्याहून कोण येणार? ते आपणच केले पाहिजे, आणि आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे.

माझी विनंती एवढीच. घरातल्या वडीलधाऱ्यांचा आवाज नोंदवून ठेवा. ओवी असो, पाळणा असो, उखाणा असो. तो काम करता करता घ्या. जात्याची, पाटा-वरवंट्याची घरघर आली तर येऊ द्या. सुरुवातीलाच नाव, गाव आणि तारीख बोलून घ्या, नाहीतर वीस वर्षांनी हा आवाज कोणाचा म्हणून घरचेच विचारतील. आणि मुख्य म्हणजे, त्या वेळी एका नातवंडाला शेजारी बसवा आणि अर्थ विचारायला लावा. आवाज यंत्रात राहील, पण अर्थ राहायला माणूसच लागतो.

नात आता दर रविवारी आत्याकडे जाते. तिची मराठी अजून अडखळते, "मी जाऊन राहिली" असे म्हणते आणि आत्या हसून सुधारते. घरी मीही तिच्याशी मराठीच बोलतो. उत्तर पुष्कळदा हिंदीत येते. मी थांबतो. माझ्याकडून झालेला तीस वर्षांचा उशीर आहे, तो थोडे दिवस मलाही सोसला पाहिजे.



गणपती बाप्पा मोरया!