तळ्याचे हिरवे पाणी आणि आपले कर्तव्य

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विद्यार्थी-साहाय्यक निधी आणि वसतिगृहाची इमारत या महत्त्वाच्या विषयांवर विद्वान वक्ते आताच बोलून गेले. त्यांच्यामागून आम्ही शेवाळासारख्या क्षुद्र वस्तूवर बोलावे, हे काहींस विनोदाचे वाटेल. परंतु कुलस्वामिनीच्या देवळापुढील तळ्यासंबंधी दोन गोष्टी उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे येणार आहेत. तळ्यात मोरचूद टाकून पाणी निवळ करावे, असा एक ठराव आहे. दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. गेल्या वर्षी नवरात्रानंतर तळ्यातील मासे मेले, तेव्हा पलीकडच्या वाडीतील कोणी पाण्यात विष कालवले असा बोभाटा झाला. आणि त्या वाडीच्या लोकांस तळ्यावर येण्यास बंदी करावी, असे अर्ज मंडळाकडे आले आहेत. या दोन्ही गोष्टींचा निर्णय शेवाळाची ओळख करून घेतल्यावाचून होऊ नये, एवढ्याचसाठी आम्ही उभे राहिलो आहोत.

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून जन्मभर मुलांस मुळाक्षरे आणि अंकगणित शिकविणारे आम्ही शिक्षक. तथापि निसर्गाची पुष्कळशी रहस्ये काचेच्या बरणीतही दिसतात. शाळेत आम्ही दरवर्षी मुलांकडून तीन बरण्यांत विहिरीचे पाणी भरवीत असू. तिन्हींत तळ्याचे चमचाभर पाणी बियाण्यादाखल घालीत असू. पहिली बरणी उन्हात नुसती ठेवायची, दुसरीत शेणाचे थोडे पाणी घालून ती उन्हात ठेवायची, आणि तिसरीतही शेणाचे पाणी घालून ती कपाटात, अंधारात ठेवायची. पंधरा-वीस दिवसांत दुसरी बरणी हिरवीगार होई. पहिलीत हिरवेपणाची केवळ छटा दिसे. तिसरी मुळीच हिरवी होत नसे. मुले आपण होऊनच म्हणत, ‘‘गुरुजी, शेवाळाला ऊन पाहिजे आणि खत पाहिजे.’’ सिद्धान्त एवढाच. आपल्या शेतास जे लागते, तेच शेवाळास लागते. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश ही नावे आपण वाचतो. गोड्या पाण्यात बहुधा स्फुरदाचाच तुटवडा असतो, आणि म्हणून तो मिळताच शेवाळ फोफावते. एक ग्रॅम स्फुरदावर वाळल्या वजनाचे सुमारे शंभर ग्रॅम शेवाळ पोसले जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे मूठभर घाणीतून एवढा हिरवा पसारा कसा उभा राहतो, याचे नवल वाटत नाही.

आता मासे का मेले असावेत ते पाहू. शेवाळ दिवसा सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि पाण्यात प्राणवायू सोडते. म्हणजे ते माशांचे उपकारकर्तेच होय. परंतु रात्री ते स्वतः श्वासोच्छ्वास करते, आणि तोच प्राणवायू वापरते. पाण्यात प्राणवायू मुळातच थोडा मावतो. तीस अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यात हवेतून विरघळून तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच राहतो. रोहू-कटल्यासारख्या माशांस सुखाने राहण्यास पाच मिलिग्रॅम तरी हवा. तीनच्या खाली त्यांचे हाल सुरू होतात. शेवाळ दाट असले, तळाशी खरकटे कुजत असले आणि दोन-तीन दिवस आभाळ झाकोळून राहिले, म्हणजे दिवसाची मिळकत घटते आणि रात्रीचा खर्च तसाच राहतो. मग पहाटेच्या सुमारास तळ्याचे दिवाळे निघते.

गेल्या वर्षीची हकीकत या कसोटीवर लावून पाहा. उत्सवाचे नऊ दिवस निर्माल्य, कणकेच्या गोळ्या आणि अन्नछत्राच्या भांड्यांचे धुवण हे सर्व तळ्यात गेले होते. पाठोपाठ परतीच्या पावसाचे आभाळ तीन दिवस हटले नाही. मासे मेल्याच्या आधीच्या दोन पहाटे ते पृष्ठभागी तोंडे काढून हवा गिळीत होते, असे देवळाचे गुरव सांगतात. तिसऱ्या पहाटे आम्ही स्वतः काठावर गेलो. मंडळाने सोडलेले मोठे रोहू आणि कटले तरंगत होते. बोटभर मासोळ्या बहुतेक जिवंत होत्या. आणि मरळ तर एकही मेलेली आढळली नाही. मरळ हा मासा वर येऊन थेट हवेतून श्वास घेतो. विषाने मोठ्यांबरोबर लहानही मेले असते, किंबहुना तेच आधी मेले असते. आणि हवा गिळता येते म्हणून विषाने मरळीला सोडले नसते. प्राणवायूच्या दुष्काळात मात्र असेच घडते. मोठे आधी जातात आणि मरळ वाचते. त्या दिवशी पाण्याची तपासणी कोणी केली नाही, म्हणून आम्ही शपथ वाहणार नाही. परंतु दिसलेली प्रत्येक खूण एकाच दिशेस बोट दाखविते, आणि ती दिशा पलीकडच्या वाडीची नव्हे.

आता मोरचुदाविषयी. मोरचुदाने शेवाळ मरते हे खरे. पण मेलेले शेवाळ कोठे जाते? ते त्याच पाण्यात कुजते, कुजताना उरलासुरला प्राणवायू खाते आणि आपल्यातील स्फुरद परत पाण्यासच देते. शिवाय तांबे गाळात साचत जाते आणि माशांनाही बाधते. याहून मोठे भय निराळेच आहे. पाण्यावर हिरव्या रंगाच्या सायीसारखा जो तवंग येतो, तो पुष्कळदा नीलहरित जातीचा असतो, आणि त्यातील काही जाती विष बाळगतात. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतातील पाम बेटावर १९७९ साली धरणाच्या पाण्यास वास येतो म्हणून त्यात मोरचूद टाकण्यात आला. त्यानंतर थोड्याच दिवसांत १४८ माणसे यकृताच्या विकाराने आजारी पडली. त्यांत बहुतेक मुले होती. मोरचुदाने पेशी फुटल्या आणि त्यांतील विष पाण्यात उतरले, असा उलगडा पुढे संशोधकांनी केला. पाणी उकळले म्हणजे भागले, असेही कोणी समजू नये. अमेरिकेतील टोलेडो शहरात २०१४ च्या ऑगस्टमध्ये नळाच्या पाण्यात असेच विष आढळले, तेव्हा चार-पाच लाख लोकांस ते पाणी पिऊ नका आणि उकळूनही पिऊ नका, असे बजावावे लागले. आपल्या तळ्यावर वाडीची गुरे पाणी पितात आणि मुले पोहतात. त्यात मोरचूद कालवण्याचा ठराव करण्यापूर्वी सभेने हे प्रसंग स्मरावेत.

मग उपाय कोणता? उपाय जुनाच आहे. खाऊ घालणे थांबवावे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात शिंडलर नावाच्या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली एका सरोवराच्या अरुंद भागी पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. एका भागात कर्ब आणि नत्र घातले. दुसऱ्यात तेच घालून शिवाय स्फुरदही घातले. दुसरा भाग हिरवा झाला, पहिला निवळ राहिला. आमच्या बरण्यांचाच हा मोठा अवतार! अमेरिकेत सिॲटल शहराजवळ वॉशिंग्टन नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. काठच्या वस्त्यांचे सांडपाणी त्यात येई, आणि पाण्यात उतरविलेली पांढरी तबकडी जेमतेम एक मीटर खोलीपर्यंत दिसे. १९६३ ते १९६८ या काळात ते सांडपाणी दुसरीकडे वळविण्यात आले. त्यानंतर थोड्याच वर्षांत पाणी निवळले आणि तबकडी पूर्वीपेक्षा कितीतरी खोल दिसू लागली. पाण्यास आपण सवड दिली तर ते आपले आपण सुधारते.

मुंबई-पुण्यास राहणाऱ्या बांधवांच्या घरी काचेच्या पेटीत मासे असतात; त्यांसही हाच नियम लागू आहे. पेटी थेट उन्हात ठेवू नये. दोन-तीन मिनिटांत मासे संपवितील इतकेच खाद्य घालावे. उरलेले खाद्य हे शेवाळाचे खत होय. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया हा विषारी पदार्थ निर्माण होतो. सूक्ष्म जंतू त्याचे आधी नायट्राइट आणि मग सौम्य नायट्रेट करतात. परंतु या जंतूंची वसाहत जमण्यास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून नव्या पेटीत एकदम पुष्कळ मासे सोडू नयेत. सारे पाणी एकदम न बदलता आठवड्यास चतुर्थांश बदलावे. गाळणीचा स्पंज नळाखाली खळखळून धुवू नये, पेटीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा. कारण ते उपकारी जंतू त्यातच वसती करून असतात.

आता तळ्यापुरत्या आमच्या सूचना सांगून भाषण आटोपते घेतो. निर्माल्यासाठी देवळामागे खड्डा करावा आणि त्याचे खत देवीच्या बागेस घालावे. कणकेच्या गोळ्या टाकण्यात पुण्य आहे अशी ज्यांची श्रद्धा आहे, त्यांनी तेवढी कणीक अन्नछत्रास द्यावी. अन्नछत्राचे धुवण आणि धर्मशाळेची मोरी यांसाठी गटार खणून ते पाणी नारळीच्या आळ्यांत सोडावे. हा खर्च मोरचुदाप्रमाणे दरवर्षी करावा लागणार नाही. काठावर साबणाने कपडे धुणे बंद व्हावे. वैशाखात पाणी उतरले म्हणजे श्रमदानाने गाळ काढून शेतांत टाकावा, कारण अनेक वर्षांचा स्फुरद त्यातच साठला आहे. आणि दर पंधरवड्यास कोणी मुलाने पाण्यात हात कोपरापर्यंत बुडवून पाहावा. पंजा दिसला तर ठीक; कोपर बुडण्यापूर्वीच पंजा दिसेनासा झाला तर शेवाळ दाट झाले असे समजून सावध व्हावे. या तपासणीस एक पैसाही लागत नाही.

राहता राहिला पलीकडच्या वाडीचा प्रश्न. ज्या महाराष्ट्रात १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तेथे कोणाही माणसास तळे बंद करण्याची भाषा आपल्या ज्ञातीच्या तोंडी शोभत नाही. आणि खोट्या आळावरून तर ती मुळीच शोभत नाही. हे अर्ज सभेने नुसते फेटाळू नयेत. मंडळाच्या दोन वडीलधाऱ्यांनी वाडीत जाऊन, मासे कशाने मेले असावेत ते त्यांस समजावून सांगावे, आणि वैशाखात गाळ काढण्यास सोबतीस बोलवावे. पाणी निवळण्यास दोन-तीन पावसाळे लागतील. मने निवळण्यास इतका अवधी लागू नये, एवढीच देवीचरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.