चिलटं, माश्या आणि ‘निसर्गनियम’

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘कीटकांचं वर्तन : जनुकं आणि उत्क्रांती’ असं वाचून काहीजणी हसल्या. साहजिक आहे. मी जीवशास्त्राची नाही. समाजकार्यात एम. ए. केलेली, कौटुंबिक सल्ला केंद्रात बसणारी बाई. पण अलीकडे हा विषय माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत येऊन बसायला लागला आहे. बायकोला मारणाऱ्या आणि बाहेर दुसरा संसार थाटलेल्या एका नवऱ्याची बाजू मांडायला त्याचा धाकटा भाऊ आला होता. शिकलेला, बोलायला सभ्य. मला समजावून सांगत होता, “मॅडम, नराची प्रवृत्तीच अनेक माद्यांकडे जायची. मादी पारखून एकालाच धरते. हे साध्या माशीतसुद्धा सिद्ध झालंय.” शेजारी त्याची वहिनी मान खाली घालून ऐकत होती.

धर्म पुढे केला, नशीब पुढे केलं, तर काय बोलायचं हे आपल्याला चळवळीनं शिकवलं आहे. विज्ञानाचं नाव निघालं की मात्र आपली जीभ अडखळते. म्हणून मी ती माशी शोधायला गेले.

ती माशी म्हणजे पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारं चिलट, फळमाशी. बरणीत सहज वाढते, दहा-बारा दिवसांत पुढची पिढी तयार होते, म्हणून आनुवंशिकतेच्या अभ्यासात तिचा शंभरहून अधिक वर्षं वापर होतो आहे. इंग्लंडमधल्या अँगस जॉन बेटमन या शास्त्रज्ञानं तिच्यावर एक प्रयोग केला आणि १९४८ साली प्रसिद्ध केला. एका बाटलीत तीन नर-तीन माद्या, किंवा पाच नर-पाच माद्या, तीन-चार दिवस ठेवायच्या. कोणाचा कोणाशी संग झाला हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं नाही. प्रत्येक माशीत एक वेगळी, उठून दिसणारी आनुवंशिक खूण होती. कोणाचे पंख वळलेले, कोणाचे डोळे अगदी बारीक. पिल्लात कोणत्या खुणा उतरल्या यावरून त्यानं आईबाप ठरवले. डी.एन.ए. तपासणीच्या आधीचा काळ. युक्ती हुशारीचीच होती.

निष्कर्ष असा निघाला की नर जितक्या जास्त माद्यांकडे जाईल तितकी त्याची पिल्लं वाढतात, मादीला मात्र एकापेक्षा जास्त नरांचा काही फायदा नाही. म्हणून नर स्वभावतः उतावळा आणि मादी चोखंदळ व निष्क्रिय. आणि बेटमन माशीवर थांबला नाही, हा नियम माणसापर्यंत पोचतो असं त्यानं सुचवलं. पुढची वीसेक वर्षं या लेखाकडे फारसं कोणी पाहिलं नाही. १९७२ मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्स या अमेरिकन शास्त्रज्ञानं आपल्या सिद्धांताला त्याचा आधार घेतला. बीजांड मोठं म्हणून महाग, शुक्रजंतू लहान म्हणून स्वस्त, असा तो हिशेब. तिथून ही माशी पाठ्यपुस्तकांत शिरली. त्या धाकट्या दिरापर्यंत ती त्याच वाटेनं आली असणार.

आता गंमत बघा. बेटमननं प्रयोगाच्या सहा मालिका केल्या आणि दोन आलेख काढले. पहिल्या चार मालिकांच्या आलेखात माद्यांचीही पिल्लं जोडीदारांबरोबर वाढलेली दिसतात. शेवटच्या दोन मालिकांच्या आलेखात ती वाढत नाहीत. प्रसिद्ध झाला तो दुसरा आलेख. पहिला तिथेच छापलेला होता. कोणी लपवलेला नव्हता. तो बघावासा वाटला नाही, इतकंच.

पॅट्रिशिया गोवाटी या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटमनचे आकडे पुन्हा तपासले. बचत गटाचं रजिस्टर लिहिणाऱ्या आपल्या बायकांना ही तपासणी चटकन कळेल. प्रत्येक पिल्लाला एक आई आणि एक बाप. म्हणजे सगळ्या आयांच्या नावावरची पिल्लं आणि सगळ्या बापांच्या नावावरची पिल्लं यांची बेरीज सारखी यायलाच हवी. बेटमनच्या वहीत बापांच्या बाजूला बेरीज जास्त होती. जमाखर्च जुळत नव्हता, आणि तरी इतकी वर्षं वही पास होत होती.

मग २०१२ मध्ये गोवाटी, किम आणि अँडरसन यांनी तोच प्रयोग त्याच पद्धतीनं पुन्हा केला. बेटमनच्या रीतीत आई आणि बाप दोघंही नक्की ओळखायचे तर पिल्लात दोघांच्याही खुणा लागतात. पण त्या खुणा म्हणजे मुळात व्यंगं. दोन्हीकडून जड व्यंग घेतलेली पिल्लं बरीचशी मोठी होण्याआधीच मरतात. म्हणजे ज्या साक्षीदारांवर सगळा निकाल अवलंबून, तेच मोजणीआधी नाहीसे झाले होते. त्यामुळे कोणाचे किती जोडीदार हा आकडाच चुकला. या पद्धतीनं बेटमनचा निष्कर्ष काढताच येत नाही, असं त्यांनी ‘पी.एन.ए.एस.’ या नियतकालिकात मांडलं.

यावरून नर-मादी सगळीकडे सारखेच वागतात असं सिद्ध होत नाही. फरक असतात, आणि जातीगणिक वेगळे असतात. तळ्यात राहणाऱ्या एका मोठ्या चपट्या किड्याच्या काही जातींत मादी नराच्या पाठीवर अंडी चिकटवून निघून जाते. ती फुटेपर्यंत नर वाहतो, त्यांना हवा-पाणी मिळेल असं बघतो. आपल्या देशातल्या तळ्यांतही हे किडे आहेत. बाळंतपणाच्या रजेच्या चर्चेत त्यांचा दाखला कोणी दिलेला मी तरी ऐकला नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. विंचवाच्या नांगीसारखी शेपूट असलेली एक माशी परदेशात आढळते. तिचा नर मादीला मेलेला किडा किंवा लाळेचा गोळा भेट म्हणून देतो. ज्याच्याजवळ भेट नाही, असा नर कधी कधी मादीला पकडून जबरदस्ती करतो. रँडी थॉर्नहिल यांनी या माशीचा अभ्यास केला आणि २००० साली क्रेग पामर यांच्याबरोबर माणसांतल्या बलात्काराचं उत्क्रांतीच्या अंगानं स्पष्टीकरण देणारं पुस्तक लिहिलं. आपण बलात्काराचं समर्थन करत नाही, असं लेखक म्हणतात. ते मी मान्य करते. पण त्याच पुस्तकात मुलींनी आपल्या कपड्यांचा विचार करावा असाही सल्ला आहे. आपल्या पोलीस चौकीत फुकट मिळणारा सल्ला इतक्या लांबून, माशीच्या पाठीवर बसून यावा! २००३ मध्ये शेरिल ट्रॅव्हिस यांनी संपादित केलेलं उत्तरादाखलचं पुस्तक निघालं, त्यात जीवशास्त्राच्या अभ्यासकांनीही लिहिलं.

माझं म्हणणं शब्दापासून सुरू होतं. बलात्कार हा शब्द माणसांचा आहे. त्यात संमती आहे, सत्ता आहे, जात आहे, ठाण्यातला हवालदार आहे. तो शब्द आधी माशीला लावायचा आणि मग ‘बघा, माशीतही बलात्कार असतो’ म्हणून माणसाकडे परत आणायचा, हा हातचलाखीचा प्रकार आहे. आणि माशीचंच ऐकायचं तर पूर्ण ऐका. थॉर्नहिल यांच्याच निरीक्षणात जबरदस्ती करणाऱ्या नरापासून माद्या पळून जात होत्या आणि भेट आणणाऱ्याकडे जात होत्या.

शब्दांची ही देवाणघेवाण जुनी आहे. पोळ्यातली सर्वांत मोठी माशी प्राचीन ग्रीकांच्या लेखी राजा होती. अॅरिस्टॉटलनं तसंच लिहिलं. राज्य करणारी मादी असेल हे सुचणं कठीण असावं. १६०९ मध्ये इंग्लंडच्या चार्ल्स बटलरनं मधमाश्यांवरच्या पुस्तकात ती राणी असल्याचं ठासून सांगितलं. इंग्लंडच्या गादीवर एलिझाबेथ राणी चव्वेचाळीस वर्षं बसून गेली होती, हेही लक्षात घ्या. पुढे त्याच शतकात हॉलंडच्या स्वामरडॅमनं तिला चिरून पोटातली बीजांडकोशं दाखवली आणि वाद मिटला. आजही आपण राणीमाशी म्हणतो. ती हुकूम सोडत नाही, अंडी घालते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी आपल्याकडच्या एका गांधीलमाशीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. तिची राणी तर पोळ्यातली एक शांत, कोणावर न धावणारी माशी निघाली.

मधमाशीत कामकरी आणि राणी या दोन जाती जन्मानं ठरत नाहीत. तीच अळी, तीच जनुकं. वाढीच्या सगळ्या दिवसांत रॉयल जेली मिळाली तर राणी होते, नाहीतर कामकरी. हे वाचल्यावर मुलीच्या ताटातल्या दुधाची आठवण कोणालाही येईल, मलाही आली. पण मी तो दाखला देणार नाही. माशीवरून माणसाचा नियम काढू नका असं त्या दिराला सांगायचं, तर तो नियम आपल्यालाही लागू आहे.

शेवटी जनुकांबद्दल, कारण ‘जनुकात आहे’ म्हटलं की चर्चा संपते. फळमाशीचा नर प्रियाराधन करताना मादीच्या मागे जातो, पुढच्या पायानं तिला हलकेच टोकतो, एक पंख पसरून गाणं म्हणतो. हे ‘फ्रूटलेस’ नावाच्या जनुकावर अवलंबून असतं. २००५ मध्ये व्हिएन्नात डेमिर आणि डिक्सन यांनी त्या जनुकाचं नराच्या प्रकारचं प्रथिन माद्यांत तयार होईल अशी व्यवस्था केली, तेव्हा त्या माद्या इतर माद्यांचं प्रियाराधन करू लागल्या. वर्तनाचं बटण सापडलं, असा बोलबाला झाला. २०१४ मध्ये पॅन आणि बेकर यांनी उलट बाजू तपासली. ज्यांच्यात हे नर-प्रथिन तयारच होत नाही असे नर एकेकटे वाढवले, तर ते प्रियाराधन करत नाहीत. इतर माश्यांबरोबर काही दिवस ठेवले, तर करायला लागतात. फळमाशीच्या मेंदूत लाख-दीड लाखाच्या आसपास चेतापेशी असतात, आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज. त्या एवढ्याशा मेंदूतही सोबतीनं फरक पडतो.

त्या दिराला मी त्या दिवशी एवढंच म्हटलं, की कायदा माशीला लागू नाही, तुमच्या भावाला आहे. तक्रार नोंदवली गेली, पोटगीचा अर्ज न्यायालयात आहे. बेटमनच्या दोन्ही आलेखांची मी मोठ्या कागदावर नक्कल काढून आणली आहे, भिंतीवर लावते. जेवणाआधी बघून घ्या, दुपारच्या गटचर्चेत लागतील.