मुंबई आणि समुद्र : आपल्या सहलीचा हिशेब

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत सहल समितीच्या ताईंनी केलेलं भाषण. बोलल्या तसंच छापलं आहे.)



मागच्या सभेत सहलीचा विषय निघाला तेव्हा अर्ध्या बाया हसल्या आणि अर्ध्या गप्प बसल्या. हसणाऱ्यांचं मला काही वाटलं नाही. गप्प बसणाऱ्यांतल्या एक मावशी सभा संपल्यावर माझ्याजवळ आल्या. म्हणल्या, "बाई, समुद्र टीव्हीत बघितलाय. खारट असतो म्हणतात, खरंच असतो का?" वय वर्षं ६८. हयात उसाच्या फडात गेली. त्यांना उत्तर देण्यापेक्षा चव बघायला नेलेलं बरं, असं समितीनं ठरवलं आणि कामाला लागलो.

आपल्यातल्या काही जणी महालक्ष्मी सरसला स्टॉल घेऊन मुंबईला जाऊन आल्यात. मीही गेलेय. वांद्र्याच्या मैदानात दिवसभर चटण्या आणि पापड विकायचे, रात्री हिशेब करून झोपायचं, सकाळी परत स्टॉल. परत आल्यावर लोक विचारतात, मुंबई बघितली का? काय सांगायचं? मुंबईला जाऊनही मुंबई न बघितलेल्या बाया आपल्याच संघात निघतील. म्हणून ही सहल विक्रीची नाही. एकही पिशवी विकायची नाही. हे आधीच सांगते, कारण कोणीतरी लोणच्याच्या बरण्या घेणारच.

आता आधी पैसे, मग बाकीचं.

सहलीला एक रुपयाही फिरत्या निधीतून किंवा सीआयएफमधून जाणार नाही. अंतर्गत कर्ज काढून कोणी सहलीला यायचं नाही. दशसूत्री आपण भिंतीवर लावलीय ती शोभेला नाही. कर्ज शेळीला, शिलाई मशीनला, पोराच्या फीला. सहलीला आपण वेगळी वही काढू, वेगळी बचत करू. आठवड्याला ५० रुपये टाकले तर ५० आठवड्यांत २,५०० होतात. जाण्यायेण्याचं भाडं, दोन मुक्काम, जेवण, चहा आणि थोडा हातखर्च एवढ्यात बसवायचा, असं आम्ही धरून चाललोय.

आठवड्याला पन्नास सगळ्यांना जमतील का? नाही जमणार. मजुरीला जाणारीला पन्नास म्हणजे काय, ते मला कळतं. तिनं वीस टाकावेत, अडीच वर्षांनी जावं. वहीत तिचं नाव आजच लिहा, म्हणजे तिची पाळी कोणी खाणार नाही. लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात त्यातले शंभर बाजूला काढा, असंही काहींनी सुचवलं. काढा ना. ते पैसे घरात कसे विरघळतात, हे आपल्याला माहितीय. आणि एखादीला काहीच जमत नसेल तर तिच्या गटानं गटात बसून ठरवावं. वर्गणी काढल्याचं भर सभेत सांगायचं नाही. तिला खाली बघायला लागेल अशी मदत नको.

दुसरा प्रश्न घरचा. म्हशीचं कोण बघणार, सासूच्या गोळ्या कोण देणार, पोरांचा डबा? यावर आम्ही जोडीचा मार्ग काढलाय. प्रत्येक गटातल्या निम्म्या जणी या वर्षी, निम्म्या पुढच्या वर्षी. जाणारीनं राहणारीबरोबर जोडी लावायची. धार काढणं, चारापाणी, म्हाताऱ्या माणसांकडं दिवसातून दोन चकरा हे राहणारीनं करायचं. पुढच्या वर्षी उलटं. घरी गेल्यावर "जाऊ का?" असं विचारत बसू नका. "अमक्या तारखेला जातेय, म्हशीचं अमकी बघणार आहे" असं सांगा. विचारलं की सतरा प्रश्न येतात. सगळं लावून सांगितलं की एखादाच येतो.

आता तारीख. पौष महिना धरलाय. पौषात लग्नं नसतात, म्हणून घरात कोणाच्या हळदी नाहीत. सोयाबीनचं उरकलेलं, ज्वारी रानात उभी, काढणीला अजून वेळ. समुद्रही त्या दिवसांत शांत. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी बंद असतात, उन्हाळ्यात ऊन सोसत नाही. पौषातही वद्य पक्ष घेतलाय, प्रतिपदेच्या रात्री निघायचं. तिथी का धरली, हे पुढं सांगते. ती गंमतच आहे.

जाताना रेल्वे. लातूर एक्सप्रेसला धाराशिवहून रात्री बसलं की सकाळी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. आधी १२० दिवस होतं, आता तेवढं राहिलं नाही. एका तिकिटावर सहाच नावं बसतात. म्हणून सहा-सहांची टोळी करायची, टोळीतली एक प्रमुख. आधारकार्ड खरं जवळ ठेवायचं, झेरॉक्स नाही. म्हाताऱ्या मावश्यांनो, रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे, तिथं पूर्ण भाडं. येताना मात्र एसटीनं यायचंय, तिथं आपली मजा आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या बायांना अर्धं तिकीट, आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. म्हणून जाताना रेल्वे, मग बोट, येताना एसटी असा गोल फेरा मारायचा. अलिबागहून परत मुंबईला जायचंच नाही. गेलो त्याच वाटेनं परत आलो तर अर्धा दिवस फुकट जातो.

मुंबईचा एकच दिवस आहे, म्हणून तो नीट लावलाय. उतरल्यावर स्टेशनाजवळच मुक्कामाच्या जागी सामान टाकायचं, आंघोळी करायच्या. स्टेशनाची इमारत बाहेर येऊन उलटं वळून बघा, सगळे आत पळतात आणि बघायचंच राहतं. १८८८ सालची आहे, जागतिक वारशात घेतलेली.

मग लोकल. लोकलची भीती सगळ्यांना, आणि ती बरोबरही आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. सकाळी मुंबईची गर्दी उत्तरेकडून दक्षिणेकडं येते, संध्याकाळी उलटी जाते. आपण सकाळी दक्षिणेकडून दादरला जाणार आणि संध्याकाळी परत दक्षिणेकडं येणार. म्हणजे दोन्ही वेळा गर्दीच्या उलट्या दिशेनं. बसायला जागा मिळेल असं म्हणत नाही, पण चेंगरणार नाही. बायांच्या डब्यातच चढायचं. लोकल स्टेशनात अर्धा मिनिटही थांबत नाही, म्हणून दादरच्या आधीच्या स्टेशनाला उठून दाराकडं सरकायचं. आणि नियम एकच, पाठ करा : जी मागं राहिली तिनं आहे त्याच फलाटावर उभं राहायचं. पुढच्या गाडीत चढायचं नाही, जिना चढून शोधायला जायचं नाही. टोळीप्रमुख परत येईल. प्रत्येकीच्या पदराच्या गाठीत किंवा पाकिटात प्रमुखाचा नंबर आणि मुक्कामाचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. फोन हरवतो, चिठ्ठी राहते. रेल्वेची मदत १३९, पोलीस ११२.

दादरला उतरून चैत्यभूमी. ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांवर तिथं अंत्यसंस्कार झाले. मागंच समुद्र आहे, पण तिथं पाण्यात उतरायचं नाही. मग प्रभादेवीला सिद्धिविनायक. जेवण करून हाजी अली आणि महालक्ष्मी, दोन्ही जवळजवळ आहेत. आपल्या संघात सगळ्या देवांच्या बाया आहेत, म्हणून सगळ्यांकडं जाऊ. ज्यांना आत जायचं नाही त्यांनी बाहेर बसून शेंगा खाव्यात, कोणी कोणाला ओढायचं नाही. संध्याकाळी महालक्ष्मी स्टेशनवरून चर्चगेट, तिथून चालत मरीन ड्राइव्ह. कठड्यावर बसायचं, दिवे लागेपर्यंत हलायचं नाही. राणीची बाग, म्युझियम, मॉल यातलं काही या वेळी नाही. मला कितीही जणींनी आग्रह केला तरी नाही. एका दिवसात दहा ठिकाणं केली की फक्त चपला शोधल्याचं लक्षात राहतं.

आता तिथीची गंमत. कोकणातली कोळी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. सकाळीही तीच आणि रात्रीही तीच, मध्ये साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास मागंपुढं होतं, पण हिशेब चालतो. आपल्याला तर घड्याळापेक्षा तिथी जास्त पाठ असतात! द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे दुपारी दीडला भरती. हाजी अलीची वाट भरतीत पाण्याखाली जाते, म्हणून तिथं आपण चार वाजल्यानंतर जाणार, त्याआधी महालक्ष्मी. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती, नऊला ओहोटी. अलिबागचा कुलाबा किल्ला भर समुद्रात आहे, ओहोटी लागली की वाळूवरून चालत जाता येतं. म्हणून चतुर्थीची सकाळ किल्ल्याला दिलीय.

कोणी म्हणेल अष्टमीला जाऊ, तेव्हा दुपारी बाराला ओहोटी येते, निवांत जाता येईल. नाही. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, ते पुरतं आटत नाही. पुनवेच्या आणि अवसेच्या आसपासच्या उधाणाला पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. म्हणून पुनवेनंतरचे हे दिवस. तरी किनाऱ्यावरच्या माणसाला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. तिथी आपल्या, पाणी त्यांचं.

तृतीयेला सकाळी गेटवेला. गेटवे १९२४ ला पूर्ण झालं, आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची पलटण तिथूनच गेली. आपण तिथूनच मांडव्याची बोट धरणार, तासाभराचा प्रवास. पुढं अलिबागपर्यंत वीसेक किलोमीटर. बोटीच्या तिकिटातच पुढच्या बसचे पैसे आहेत का, हे खिडकीवरच विचारून घ्यायचं. ज्यांना एसटीतही उलटी होते त्यांनी सकाळी भरपेट खाऊ नका, बोटीत मधोमध खाली बसा, आलं-लिंबू तोंडात धरा. हिवाळ्यात पांढरे पक्षी बोटीमागं उडत येतात. ते बघायला सगळ्या एका बाजूला धावू नका.

दुपारी अलिबागला जेवण. मासे खाणाऱ्यांनी ताटाचा भाव आधी विचारायचा, पापलेटचं ताट आणि बांगड्याचं ताट यात फरक असतो. वरसोलीत आणि आसपास घरगुती राहण्याची सोय आहे. घरातली बाईच स्वयंपाक करते, खोल्या बघते. तिच्याशी बोला. एका खोलीला किती, जेवणाला वेगळं किती, सुट्टीच्या दिवशी भाव कसा चढतो, पावसाळ्यात काय करते, हे विचारा. आपल्याकडं तुळजापूरच्या वाटेवर किती गावं आहेत, म्हणून सांगतेय. खोली ठरवताना आम्ही फोनवर पहिला प्रश्न संडास किती, हाच विचारणार आहोत. पंधरा-वीस बायांना एक संडास असला तर सकाळची ओहोटी तिथंच संपायची. अलिबागचा पांढरा कांदा नावाजलेला, भौगोलिक मानांकन मिळालेला, पण तो उन्हाळ्याच्या तोंडावर येतो. आपल्याला मिळाला नाही तरी त्याच्या माळा वेणीसारख्या कशा गुंफतात ते विचारून या.

संध्याकाळी समुद्र. इथं मी कडक बोलणार आहे. नऊवारी असो की पाचवारी, पाण्यात भिजली की पायात गुंडाळते आणि जड होते. म्हणून जुना पंजाबी ड्रेस आणा, घरात कोणाचाही चालेल, हसणारं कोणी नाही. दुपारी सव्वादोनला भरती, म्हणजे आपण जाऊ तेव्हा पाणी उतरत असेल. उतरतं पाणी पायाखालची वाळू घेऊन आत ओढतं. गुडघ्याच्या वर पाणी नको. विहिरीत पोहणाऱ्यांनीही नाही, विहीर ओढत नाही. हात धरून उभं राहायचं, सूर्य बुडाला की बाहेर. भिजलेल्या बाईचा फोटो तिला विचारल्याशिवाय काढायचा नाही आणि गटाच्या व्हॉट्सअॅपवर तर मुळीच टाकायचा नाही.

चतुर्थी म्हणजे संकष्टी. कुलाबा किल्ल्यात सिद्धिविनायकाचं मंदिर आहे, योग चांगला. आठला निघायचं, साडेदहाच्या आत परत. किल्ल्यात गोड्या पाण्याचं तळं आहे. चारी बाजूंनी खारं आणि मध्ये गोडं. ही जागा उगाच निवडलेली नाही. उपवासाच्या बायांचा साबुदाणा आणि शेंगदाण्याचे लाडू घरून. गुडघे दुखणाऱ्यांना घोडागाडी मिळते, त्याचे पैसे सहलीच्या वहीतून. जंजिरा आणि काशीद सोडलंय. मुरूड अलिबागहून पन्नासेक किलोमीटर, जाऊन येण्यात दिवस जातो, आणि काशीदच्या लाटा जोरकस असतात. दुपारी पुण्याची एसटी, तिथून रात्रीची धाराशिव. पंचमीला सकाळी घरी, धारेच्या वेळेला.

चार रात्री, त्यातल्या दोन गाडीत. म्हणून मुक्कामाचा खर्च दोनच रात्रींचा.

बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या पाच दिवसांच्या घ्या. सोनं घरी ठेवा, मंगळसूत्र काळ्या मण्यांचं पुरे. पैसे दोन ठिकाणी ठेवा.

नावं पुढच्या मासिक सभेच्या आत सीआरपी ताईंकडं द्या. नावापुढं जोडीदारणीचं नाव हवंच, त्याशिवाय घेणार नाही. सहलीची वही आजपासून उघडलीय, समोर टेबलावर आहे. पहिले पन्नास त्या ६८ वर्षांच्या मावशींनी सभा सुरू व्हायच्या आधीच टाकलेत.