परदेशगमनापूर्वीची आरोग्यसिद्धता



आपल्या ज्ञातीतील तरुण नोकरीनिमित्त केनिया, युगांडाकडे निघतात, तेव्हा घरोघरी लोणची-पापडांची बांधाबांध महिनाभर आधी चालते. लस मात्र शेवटच्या आठवड्यात आठवते. हा क्रम आम्हांस उलटा वाटतो. पीतज्वराची लस टोचल्यापासून १० दिवस लोटल्याखेरीज तिचे प्रमाणपत्र ग्राह्य होत नाही. मॅक्स थायलर यांनी १९३७ साली सिद्ध केलेल्या या लशीची एक मात्रा बहुतेकांस जन्मभर पुरते. ११ जुलै २०१६ पासून प्रमाणपत्रही आजन्म चालते. ते जवळ नसेल, तर परतताना आपलेच सरकार ६ दिवसांपर्यंत विलग ठेवते. यात जाच नाही. पीतज्वर भारतात नाही. पण तो पसरविणारा एडिस डास आपल्या रांजणांतून सुखाने नांदतो आहे!

लस जिवंत विषाणूंची असल्याने गर्भवती स्त्रिया, अंड्याचे तीव्र वावडे असणारे व साठी उलटलेले यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मुलाच्या भेटीस निघणारे आईवडील बहुधा याच वयाचे असतात. हिवतापाच्या गोळ्या तर निघण्यापूर्वी सुरू करून परतल्यावरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्यावयाच्या असतात. कारण प्रवासी घरी पोहोचला, तरी हिवतापाचे जंतू त्याच्या यकृतात दडून असू शकतात.