एकुलती एक प्रत



वसंत व्याख्यानमालेत वक्त्याने काहीतरी भारदस्त विषय घ्यावा, अशी जुनी रूढी आहे. मी मात्र आज एका डबीवर बोलणार आहे. ही डबी लहानशा पुस्तकाएवढी असते, तिला हार्ड डिस्क म्हणतात, आणि दिव्यातल्या पुष्कळ घरांत ती कपाटाच्या वरच्या खणात साड्यांच्या घड्यांखाली सांभाळून ठेवलेली असते. मुलीच्या लग्नाचे फोटो, गावच्या जमिनीच्या सातबाऱ्याच्या नकला, दुकानाची उधारी, शिकवणीच्या मास्तरांच्या प्रश्नपत्रिका, हे सारे तिच्या पोटात. अशी कोणतीही डबी एके दिवशी बंद पडतेच. तो दिवस कोणता, हे मात्र ती बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

प्रथम तिच्या आत काय चालते ते पाहू. आयबीएम कंपनीने १९५६ साली अमेरिकेत पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, आणि एवढ्या सगळ्या पसाऱ्यात आजच्या मोबाईलवर काढलेला एखादा फोटो जेमतेम मावला असता. आज तबकडी तळहातावर राहते. तत्त्व मात्र तेच आहे. काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत तबकडीवर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ थर असतो, आणि लिहिणारे-वाचणारे टोक तिच्यावरून फिरते. टेबलावरच्या मोठ्या संगणकातली तबकडी बहुधा मिनिटाला ७२०० फेरे घेते. तिच्या कडेचा वेग आपण काढला, तर तो ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास येतो. दिव्यावरून धडधडत जाणारी जलद लोकलही तिच्या मागे पडेल! आणि एवढ्या वेगात ते टोक तबकडीला टेकत नाही. हवेच्या थरावर, काही नॅनोमीटर अंतर राखून, तरंगत असते. आपल्या डोक्याचा केस त्या अंतराच्या हजारो पट जाड आहे. ग्रामोफोनची सुई तबकडीला घासूनच गाते. इथे टोक घासले की गाणे संपले.

धक्का बसला, फिरवणारी मोटर झिजली, विजेचा दाब एकाएकी वाढून आतली पट्टी जळली, की डिस्क गेली. वीज अचानक गेली, तर हल्लीची डिस्क आपले टोक बाजूला घेण्याइतकी शहाणी असते. पण त्या क्षणी जे लिहिणे चालू होते ते अर्धवट राहते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा वाहिन्यांवरच्या बिघाडाने मुंबई-ठाण्याची वीज गेली, तेव्हा कितीजणांची वाक्ये अर्धी राहिली असतील कोण जाणे. डिस्कमधून खटखट असा आवाज येऊ लागला, तर ती तत्काळ बंद करावी. पुन्हापुन्हा चालू करून पाहू नये, कारण घासणारे टोक प्रत्येक फेरीत उरलेसुरलेही खरवडून काढते. तज्ज्ञ लोक धूळरहित खोलीत डिस्क उघडून पुष्कळदा मजकूर वाचवतात, पण त्याचा खर्च नव्या डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट येतो.

कोणी म्हणेल, आता फिरत्या तबकडीचे दिवस सरले. खरे आहे. मोबाईल, पेन ड्राइव्ह आणि नव्या संगणकातली एसएसडी यांत काहीच फिरत नाही. सूक्ष्म कोठ्यांत विजेचा भार कोंडून मजकूर ठेवलेला असतो. परंतु हे साधन मरताना खटखटसुद्धा करत नाही. काल होते, आज नाही. आणि वर्षानुवर्षे विजेविना पडून राहिले, तर कोंडलेला भार झिरपून जाऊ शकतो.

तेव्हा उपाय एकच, दुसरी प्रत. हे सर्वांना ठाऊक असते. परंतु दुसरी प्रत म्हणजे काय, याविषयी भल्याभल्यांची फसगत होते, आणि त्याची एक हकीकत आपल्या रुळांशी निगडित आहे. दिव्याहून पनवेलकडे आणि वसईकडे जे फाटे जातात, त्यांवरून न्हावा शेवा बंदराचे कंटेनर वाहणाऱ्या मालगाड्या आपण रोज पाहतो. २७ जून २०१७ रोजी त्या बंदरातल्या एका टर्मिनलचे काम एकाएकी अडले. ते टर्मिनल मेर्स्क या डॅनिश जहाजकंपनीच्या समूहाचे. त्या दिवशी युक्रेनमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा एक घातकी प्रोग्राम सुटला होता आणि त्याने जगभरच्या मेर्स्कच्या संगणकांवरचा मजकूर निकामी केला. कोणता डबा कोणाचा हे यंत्राला सांगता येईना. माणसांना हाताने कामे करावी लागली.

आता गंमत पाहा. गंमत म्हणवत नाही, पण शब्द तोच येतो. कंपनीत कोणाला कोठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे संगणक देशोदेशी होते. ते सतत एकमेकांशी बोलून आपापली नोंद सारखी करीत. एक गेला तर बाकीचे आहेतच, असा हिशेब होता. म्हणून त्यांची वेगळी प्रत कोणी काढलीच नव्हती. प्रोग्रामने ते जवळजवळ एकदमच पुसले. वाचला एकच, आफ्रिकेतल्या घाना देशातला. आणि तो का वाचला? हल्ल्याच्या थोडे आधी तिथली वीज गेली होती! जाळ्यापासून तुटलेला होता म्हणून तो जिवंत राहिला. तिथून एवढा मजकूर तारेने पाठवायला फार वेळ लागला असता, तेव्हा घानाचा माणूस हार्ड डिस्क घेऊन विमानाने नायजेरियात गेला, तिथे विमानतळावर ती दुसऱ्याच्या हाती दिली, आणि तो ती घेऊन इंग्लंडला पोचला. कंपनीने आपले नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलर सांगितले. आपल्याकडे वीज गेली की आपण मंडळाला शिव्या घालतो. त्या दिवशी कोपनहेगनमध्ये कोणीतरी घानाच्या वीजमंडळाला मनोमन दुवा दिला असेल.

एकमेकांकडे पाहून बदलणारे दीडशे संगणक हे एकाच प्रतीचे दीडशे आरसे होत. मोबाईलवरचा फोटो आपोआप कंपनीच्या दूरच्या संगणकावर जातो, ज्याला क्लाउड म्हणतात, तिथेही हाच धोका असतो. मोबाईलवर फोटो पुसला की पुष्कळदा तिकडचाही पुसला जातो. सोय उत्तम आहे, जरूर वापरावी. तिच्यावर एकटीवर विसंबू नये इतकेच.

प्रतीचा विषय निघाला की आपल्याला तुकोबांच्या वह्या आठवतात. ती कथा प्रत्येकाला ठाऊक आहे, म्हणून मी तिच्याऐवजी दुसरी सांगतो. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. ज्याने प्रसंग पाहिला त्याच्याकडे जाऊन तो ऐकायचा, नागदेवाचार्यांकडून पारखून घ्यायचा, मग लिहायचा, असे चिकाटीचे ते काम. त्यातून लीळाचरित्र झाले. पुढे खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. ग्रंथ संपायचाच, पण पंथातल्या अनेकांना लीळा पाठ होत्या. त्यांनी आपापल्या स्मरणातून तो पुन्हा लिहिला. निरनिराळ्यांनी लिहिला, म्हणून पाठभेद झाले, लीळांच्या क्रमात फरक पडले. संशोधक त्या पाठभेदांशी आजही झुंजतात. पण मराठीचा आद्य गद्यग्रंथ हाती राहिला, तो निरनिराळ्या गावच्या निरनिराळ्या डोक्यांत होता म्हणून.

माझे सांगणे इथे आहे. पूर्वी एखादी गोष्ट टिकायची ती अनेकांनी लक्षात ठेवल्यामुळे. हार्ड डिस्कने आपल्याला लक्षात ठेवण्याच्या कष्टांतून सोडवले, आणि त्याबरोबर राखणदारांची संख्या एकावर आणली. आपल्या या खाडीकाठच्या गावांत आगरी-कोळी लग्नांत धवळारीण धवळे म्हणते. तिचे धवळे छापलेल्या पुस्तकात शोधायला गेलात, तर थोडेच सापडतील; ते तिच्या आणि तिच्या मागे बसून ऐकणाऱ्या मुलींच्या कंठात. हल्ली नातू मोबाईलवर ते उतरवून घेतो, ही फार चांगली गोष्ट आहे. पण मग मुली ऐकायला बसत नाहीत, “घेतलंय की रेकॉर्डिंग” म्हणून. इमारती उठण्यापूर्वीची दिव्याची भातखाचरे, जुनी घरे, हेसुद्धा कोणाच्या तरी एकाच मोबाईलमध्ये असणार. सरकारी दफ्तरात ते मिळायचे नाही.

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने एक हिशेब रूढ केला आहे. एकूण तीन प्रती, त्या दोन तऱ्हेच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. यातला शेवटचा भाग आपल्या सखल वस्तीत मी सर्वांत मोलाचा मानतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात घराघरांत पाणी शिरले. एका कपाटातल्या दोन डिस्का अशा वेळी दोन नसतात.

घराबाहेर म्हणजे कुठे? आपल्यापैकी पुष्कळांचे गाव कोकणात आहे. दिव्याहून सावंतवाडीची गाडी सुटते. दोन स्वस्त डिस्का घ्याव्यात. गणपतीला जाताना एक पिशवीत टाकून गावच्या घरी, कोरड्या जागी, ठेवावी. शिमग्याला ती आणून दुसरी न्यावी. गावची प्रत फार तर सहा महिने जुनी राहील, आणि ती कोणत्याही तारेला जोडलेली नसेल. घानाची युक्ती आपल्याला एका तिकिटात साधेल.

दोन गोष्टी राहिल्या. प्रत काढली आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली नाही, तर ती काढली असे मी धरत नाही. फोटोंची नावे दिसतात आणि फोटो उघडत नाही, असे नेहमी घडते. आणि कुलूप. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले, ते परक्यांपासून सुरक्षित राहिले. इतके, की विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाहेरच्या जगाला ते वाचताच येत नव्हते. ती लिपी उलगडण्यात राजवाड्यांप्रमाणे आपल्या ठाण्याच्या वि. ल. भावे यांचाही वाटा होता. पंथातल्या लोकांकडे किल्ली होती म्हणून ते शक्य झाले. आपल्या डिस्कच्या संकेतशब्दाला असे वारस नसतात. हल्लीची कुलपे इतकी पक्की आहेत, की शब्द गेला तर जगातला कोणताही राजवाडे ती उघडणार नाही. तेव्हा तो शब्द कागदावर लिहून, पाकिटात घालून, घरातल्या एका विश्वासू माणसाजवळ द्यावा. आणि लिहिताना अक्षर जरा बरे काढावे.