वयात येणारी मुले आणि आपले घर
(साक्षरता वर्गात केलेले भाषण)



आज नवा धडा नाही. आज आपल्या घरातल्या मुलांविषयी बोलायचे आहे. पाळण्यातल्या मुलांविषयी नव्हे. ज्या पोरांना मिसरूड फुटू लागले आहे, ज्या पोरी आईच्या खांद्याला लागल्या आहेत, त्यांच्याविषयी.

हा विषय आजच का काढला? दसरा जवळ आला आहे. मुकादमांच्या फेऱ्या चालू आहेत. काहींनी उचल केव्हाच घेतली आहे. दिवाळीच्या मागेपुढे आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी सोलापूर-पुण्याकडे, कोणी कर्नाटकात. पट्टा पडेपर्यंत पाच-सहा महिने घराला कुलूप राहील. नाही तर घरात म्हातारी माणसे आणि पोरे राहतील. या दिवसांत मोठ्या मुलांच्या मनाचे काय होते, त्याचा विचार निघण्याआधी करावा, म्हणून हे बोलणे.

आधी हे वय समजून घेऊ. साधारण १० ते १९ वर्षांच्या वयाला किशोरवय म्हणतात. मुलाचा आवाज फुटतो. मुलीला पाळी येते. शरीर भराभर वाढते. पण मेंदू मागून येतो. रागाला आवर घालणारा, पुढचा विचार करणारा मेंदूचा भाग कपाळामागे असतो. तो पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. म्हणून अंगाने बापाएवढा दिसणारा पोरगा क्षणात भडकतो आणि क्षणात रडतो. तो सकाळी लवकर उठत नाही, म्हणून आपण त्याला आळशी म्हणतो. पण या वयाला ८ ते १० तास झोप लागतेच.

नवा गोऱ्हा औताला जुंपताना आपण काय करतो? जोडीला जुना, शिकलेला बैल लावतो. थोडा वेळ चालवतो आणि सोडतो. नुसता आसूड ओढला तर गोऱ्हा बुजतो. एकदा बुजला की जू पाहूनच अंग चोरतो. माणसाच्या पोराचे याहून निराळे नाही. त्याच्या जोडीचा जुना बैल म्हणजे आईबाप.

मी पुष्कळ वर्षे शाळेत काढली. एक मुलगा सातवीपर्यंत चांगला होता. आठवीत तो रोज कोणाशी तरी मारामारी करू लागला. गुरुजी म्हणत, पोरगं वाया गेलं. मग कळले की घरी बाप रोज पिऊन येतो आणि आईवर हात टाकतो. मुलगा रात्रभर दाराशी जागा बसतो. आईला वाचवता येत नाही, हा राग तो शाळेत दुसऱ्याच्या अंगावर काढत होता. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

दुसरी एक मुलगी होती, तेरा वर्षांची. आईबाप तोडीला गेले आणि ही आजीजवळ राहिली. पाणी, भाकरी, दोन धाकटी भावंडे, सारे तिच्या अंगावर. कधी कोणाला उलटून बोलली नाही. लोक म्हणत, किती गुणाची पोर! पण तिचे पोट रोज दुखे. डॉक्टरांना काही सापडले नाही. आजी म्हणाली, ढोंग करते. ते ढोंग नव्हते. मनावर ओझे असले की पोट, डोके खरोखरच दुखते. भांडणाऱ्या मुलाकडे आपले लक्ष तरी जाते. गप्प बसलेल्या मुलाला मात्र आपण शहाणे म्हणतो आणि विसरून जातो.

यावर कोणी म्हणेल, "गुरुजी, आम्ही गरीब माणसं. पोटामागं पळावं का पोरांच्या मनामागं?" प्रश्न खरा आहे. तोडीला जाऊ नका, असे मी म्हणणार नाही. पण एकाच तळावर शेजारी शेजारी दोन खोपी असतात. दारिद्र्य दोन्हीकडे सारखेच. एका खोपीत पोरे हसतात, दुसरीत आवाज चढला की कोपऱ्यात सरकतात. मीठ-भाकर दोन्हीकडे आहे. फरक बोलण्याचा आणि वागण्याचा आहे. त्याला पैसा लागत नाही.

आता एका अवघड गोष्टीला हात घालतो. वयात आलेली मुलगी मागे ठेवायची तर भीती वाटते. बरोबर न्यायची तर उघड्यावरची खोप. मग घरचे म्हणतात, उजवून टाका, काळजी मिटली. शिवाय नवरा-बायको मिळून एक कोयता होतो आणि नव्या जोडीला उचल मिळते. आईबापाची भीती मी समजतो. पण लग्नाने काळजी मिटत नाही. ती पोरीच्या अंगावर जाते. पंधरा वर्षांची पोर पहाटे फडात उभी राहते, डोक्यावर मोळी घेते. अंग भरलेले नसताना तिला दिवस जातात. त्यात तिच्या आणि बाळाच्या जिवाला धोका असतो. शाळा सुटते, मैत्रिणी सुटतात. मनातले सांगायचे कोणाला? २००६ च्या कायद्याप्रमाणे मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षे पुरी झाल्याशिवाय लग्न करता येत नाही. करून देणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही शिक्षा होते. पण मी म्हणतो, शिक्षेच्या भयाने थांबू नका. पोरीसाठी थांबा.

मग करायचे काय? पाच गोष्टी सांगतो.

पहिली. जाण्याआधी मुलांना जवळ बसवून सांगा. किती दिवस जाणार, कोठे जाणार, मागे कोणाजवळ राहायचे. अडचण आली तर ज्याच्याकडे धावत जावे, असे एक विश्वासाचे माणूस ठरवा. शाळेत हंगामी वसतिगृहाची चौकशी आताच करा.

दुसरी. फोनची वेळ ठरवा आणि पाळा. "शेळ्यांना पाणी पाजलं का? अभ्यास केला का?" एवढेच विचारून फोन ठेवू नका. "आज काय काय झालं? जेवायला बरोबर कोण होतं?" असे विचारा आणि मग ऐका. मध्येच उपदेश करू नका.

तिसरी. मुलांसमोर मारहाण नको, शिवीगाळ नको. नवरा-बायकोत भांडण झालेच, तर सकाळी पोराला सांगा, "यात तुझी काही चूक नाही." पुष्कळ पोरांना वाटते की घरातले भांडण आपल्यामुळेच होते. दारू सुटत नसेल तर दवाखान्यात जा. तो आजार आहे. त्याला उपचार आहे.

चौथी. चुकीबद्दल बोला, पण चार लोकांत अपमान करू नका. घराचे नियम थोडे असावेत, आणि आज एक उद्या दुसरे असे नसावेत. कामही वाटून द्या. भांडी घासून मुलाचे हात झिजत नाहीत आणि पुस्तक वाचून मुलीची भाकर करपत नाही.

पाचवी सर्वांत महत्त्वाची. मूल दोन आठवडे नीट जेवत नाही, झोपत नाही, मित्र टाकतो, स्वतःला इजा करतो, किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" असे बोलतो, तर हसून सोडू नका. भूतबाधा म्हणून वेळ घालवू नका. शांतपणे विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार मनात येत नाही. उलट मूल मोकळे होते. त्याला एकटे सोडू नका. फवारणीचे औषध आजपासूनच कुलपात ठेवा. रागाच्या भरात हाताशी विष नसले, तर जीव वाचतो. आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा.

दोन क्रमांक सांगतो. मनाच्या त्रासासाठी १४४१६. ही टेलि-मानस नावाची सरकारी सेवा २०२२ साली सुरू झाली. फोन रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. मूल संकटात असेल किंवा बालविवाह होत असेल तर १०९८. मूल स्वतःही हा फोन करू शकते.

गेल्या वर्षी आपल्यापैकी पुष्कळांना आकडे लिहिता येत नव्हते. आज येतात. तेव्हा आज घरी गेल्यावर एका कागदावर हे दोन क्रमांक आपल्या हाताने लिहा. खाली आपला फोन क्रमांक लिहा आणि त्या विश्वासाच्या माणसाचाही. तो कागद चुलीजवळच्या भिंतीला चिकटवा. पोरांना दाखवा आणि सांगा, "आम्ही लांब असलो तरी तुम्ही एकटे नाही." टोळी निघण्याआधी एवढे काम झालेच पाहिजे.